उभं राहिल्यावरचं बीपी

दुपारी बाराच्या सुमाराला सोलापूरच्या पूर्व भागातून, साखर पेठ, दाजी पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या पट्ट्यातून चालत गेलं, की उघड्या दारांतून एकच बैठक दिसते. भिंतीला पाठ, पाय दुमडलेले, मांडीवर सूप आणि सुपात कातरलेली तेंदूची पानं व तंबाखू. हजार विड्या पुऱ्या करायच्या तर ही बैठक सकाळपासून मोडत नाही. मग दारात कुणी येतं, चुलीवरचं उतू जातं किंवा नळाला पाणी आल्याची हाक ऐकू येते, आणि साठी-सत्तरीची बाई जमिनीवर हात टेकून उठते. उठल्यावर ती लगेच पाऊल टाकत नाही. दाराची चौकट धरून उभी राहते. डोळ्यांपुढं अंधारी आलेली असते, पाय लटपटत असतात. थोड्या वेळात ते ओसरतं आणि ती कामाला लागते. कुणाला सांगत नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नाही. वय झालं, एवढंच.

त्या चौकटीपाशी तिचं बीपी कुणी मोजलेलं नसतं. दवाखान्यात ते मोजतात स्टुलावर बसवून. तिथं ते 150 भरतं, कार्डावर आकडा चढतो, गोळी लिहून दिली जाते. घरी मुलानं आणून दिलेल्या मशिनवरही ती बसूनच मोजते. उभं राहिल्यावर तेच बीपी 115 वर येत असेल, तर ती घसरण कुठल्याच कागदावर उमटत नाही. रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी शिबिरं गणपती मंडळं घेतात, नवरात्र मंडळं घेतात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला होतात, ती व्हावीतच. पण तिथंही टेबलाशेजारी खुर्ची मांडलेली असते आणि आजोबा त्या खुर्चीत बसलेले असतात. म्हातारी माणसं पडतात ती खुर्चीत बसलेली असताना नव्हे, खुर्चीतून, खाटेवरून, जमिनीवरून उठताना किंवा उठल्यावर चार पावलांत. त्यामुळं साठीपुढच्या माणसाचं बीपी उभं करूनही मोजलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टर या प्रकाराला ‘ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन’ म्हणतात. बोलताना ‘पोश्चरल हायपोटेन्शन’ हे नाव जास्त ऐकू येतं. त्याची व्याख्या 1996 मध्ये पक्की झाली. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी किमान 20 नं किंवा खालचं किमान 10 नं उतरलं, तर हा दोष आहे असं धरायचं. 2011 मध्ये तज्ज्ञांनी ती व्याख्या पुन्हा तपासली आणि मूळ आकडे तसेच ठेवले. काहींचं बीपी पहिल्या पंधरा सेकंदांतच झपकन उतरतं आणि लगेच सावरतं. काहींचं तीन मिनिटांपर्यंत ठीक राहतं आणि नंतर हळूहळू घसरत जातं. पहिल्या प्रकारचा माणूस उठताच चौकट धरतो. दुसऱ्या प्रकारचा बँकेच्या किंवा रेशनच्या रांगेत दहा मिनिटं उभा राहून कोसळतो, आणि सकाळी तर बरा होता, मग झालं काय, हे घरच्यांना उमगत नाही.

आपण आडवे असतो तेव्हा हृदय आणि मेंदू जवळजवळ एका पातळीवर असतात. उभं राहिलो की गुरुत्वाकर्षणानं साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडं आणि पायांकडं उतरतं. हृदयाकडं परत येणारं रक्त घटतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही घटतं. मेंदू सगळ्यांत वर, त्यामुळं पहिली टंचाई त्यालाच जाणवते. सोलापूरकराला हे लगेच कळेल: नळाला दाब कमी असला की तळमजल्याची बादली भरते आणि वरच्या मजल्यावरचा नळ नुसता फुसफुसतो. तरुण शरीर हा दाब काही सेकंदांत सावरतं. मानेतल्या धमनीच्या फाट्यावर आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब जोखणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब उतरला की ती मेंदूच्या तळाशी खबर देतात. तिथून हुकूम सुटतो, नाडी वाढते, पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. चालायला लागलं की पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. हे सगळं आपल्या नकळत, दिवसातून शेकडो वेळा घडतं.

वय वाढलं की या साखळीतली प्रत्येक कडी थोडी थोडी ढिली होते. धमन्या ताठर झाल्यानं दाब जोखणारी टोकं बोथट होतात. नाडी पूर्वीसारखी चटकन वाढत नाही. तहान कमी लागते, मूत्रपिंडांना पाणी आणि मीठ पूर्वीसारखं धरून ठेवता येत नाही. त्यात दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल, तर रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम नेणारे चेतातंतूच झिजलेले असू शकतात. पार्किन्सनच्या आजारातही तेच होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं, बी-12 ची कमतरता, जुलाब, ताप, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहणं, यांतलं काहीही भर घालू शकतं.

या आजाराचं पहिलं नीट वर्णन 1925 चं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॅडबरी आणि एगलस्टन या डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकिगत छापली. उभं राहिलं की शुद्ध हरपायची, नाडी मात्र वाढायची नाही, घाम यायचा नाही. आणि उन्हाळ्यात त्रास वाढायचा. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात ज्यांना त्रास झाला, त्यांच्याबद्दल वाचताना मला सोलापूरचा मे महिना आठवल्याशिवाय राहत नाही.

इथं पहिली गोष्ट उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो. शरीराला गारवा देण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, रक्त तिकडं पसरतं, घामावाटे पाणी आणि मीठ निघून जातं. उभं राहिल्यावर आवळायच्या त्या वाहिन्या आधीच फुललेल्या असतात. पत्र्याच्या घरात, पंख्याखाली गरम वारा खात दुपारी पडलेला म्हातारा माणूस चारला चहासाठी उठतो, ती वेळ फार नाजूक असते. मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत बीपीच्या गोळ्यांचा डोस पुन्हा तपासून घ्यायला हवा. हिवाळ्यात बसवलेला डोस उन्हाळ्यात जास्त पडू शकतो, हे अनुभवी डॉक्टरांना माहीत असतं. पण पेशंट सहा सहा महिने जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणत असेल तर डॉक्टर तरी काय करणार?

दुसरी गोष्ट पाण्याची. या शहरात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी आलं आहे. उजनीचं धरण जिल्ह्यातच आहे, तरी शहराच्या घरांतलं वेळापत्रक पाण्याच्या पाळीवर चालतं. पाळी रात्री-अपरात्री आली की घरातली सगळ्यांत हलकी झोप असलेली व्यक्ती, म्हणजे बहुधा आजी, पहिल्यांदा उठते. झोपेतून एकदम उठायचं, अंधारात मोरीपर्यंत जायचं, वाकून पाईप लावायचा, पुन्हा ताठ व्हायचं आणि भरलेली घागर उचलायची. पडण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या गोष्टी या पाच मिनिटांत एकत्र येतात. शिवाय पाणी जपून वापरायची सवय पिण्याच्या पाण्यालाही लागते. गुडघे दुखतात, संडासला उकिडवं बसवत नाही, म्हणून दुपारनंतर पाणीच न पिणाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्यांच्या पोटात लघवी वाढवणारी बीपीची गोळी मात्र रोज सकाळी जाते.

तिसरी गोष्ट आपल्या बसण्या-उठण्याची. या आजारावरचं बहुतेक संशोधन पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठणाऱ्या माणसांवर झालेलं आहे. आपली म्हातारी माणसं जमिनीवरून उठतात. उकिडव्या स्थितीत पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, बीपी थोडं वाढलेलं असतं. उठल्याबरोबर पाय मोकळे होतात आणि रक्त एकदम खाली उतरतं. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुद्दाम मोठी घसरण घडवून पाहायची असेल तर माणसाला उकिडवं बसवून एकदम उभं करतात. आपल्याकडं हा प्रयोग रोज पहाटे भारतीय पद्धतीच्या शौचालयात होतो, आणि पहाटेची वेळ तर सगळ्यांत वाईट. ज्यांचं बीपी उभं राहिल्यावर उतरतं, त्यांच्यापैकी अनेकांचं रात्री आडवं झाल्यावर वाढलेलं असतं. वाढलेल्या दाबामुळं मूत्रपिंडं रात्रभर जास्त लघवी तयार करतात. सकाळपर्यंत शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि उठल्यावरची घसरण दिवसातली सर्वांत मोठी असते.

असं असलं तरी जमिनीवर बसणं बंद करा असं मी म्हणणार नाही. जमिनीवरून स्वतःच्या बळावर उठता येणं ही मांड्यांची आणि तोलाची ताकद आहे, आणि ती एकदा गेली की परत मिळवणं अवघड जातं. सूप घेऊन बसणाऱ्या सत्तरीच्या बाईत ही ताकद सोफ्यावर बसणाऱ्या पंचावन्नच्या माणसापेक्षा जास्त असू शकते. तिला खुर्ची देण्यापेक्षा टप्प्याटप्प्यानं उठायला सांगणं बरं: आधी पाय पसरून पंजे वर-खाली करायचे, मग गुडघ्यावर यायचं, मग पाटावर किंवा खाटेच्या कडेवर टेकायचं, मग भिंत धरून उभं राहायचं आणि दहा आकडे मोजून पाऊल टाकायचं.

आता गोळ्या. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे, त्याला जोडलेलं सिव्हिल हॉस्पिटल आहे, सहकारी आणि खासगी रुग्णालयं आहेत. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही पेशंट इथं येतात. म्हणजे डॉक्टरांची वाण नाही. तरी म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट सारखी घडते. हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, लघवीचे वेगळे, मणक्याचे वेगळे. हृदयवाले बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी देतात. लघवीवाले प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन देतात, जी रक्तवाहिन्याही सैल करते. शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन असेल तर साखरेबरोबर पाणीही लघवीवाटे जातं. पायांची आग होते म्हणून रात्री ॲमिट्रिप्टिलीन मिळते, तीही उभ्याचं बीपी उतरवते. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट. यातली प्रत्येक गोळी आपापल्या जागी योग्य असू शकते. पण सगळ्यांची बेरीज कुणी केलेली नसते. ती बेरीज एकाच डॉक्टरनं करावी, म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक काढ्यांच्या बाटल्यांसकट, एका पिशवीत भरून नेणं हे फाईल नेण्याइतकंच गरजेचं आहे.

या त्रासावर भलतेच उपचार होतात ही मला सर्वांत बोचणारी बाब वाटते. सोलापूरच्या ओपीडीत तक्रार मराठीत येते, तेलुगूत येते, कन्नडमध्ये येते, उर्दूत येते, आणि बहुतेकदा चक्कर येते एवढ्यावर थांबते. त्या तक्रारीमागं तीन निरनिराळे आजार असू शकतात. उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येणं हा बीपीचा प्रश्न. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर फडताळाकडं पाहताना सगळी खोली गरगर फिरणं हा बहुधा आतल्या कानातल्या सूक्ष्म खड्यांचा प्रश्न. तो कानाचे डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून काही मिनिटांत सोडवू शकतात. आणि डोकं साफ असताना चालताना झोक जाणं हा पायांच्या, नजरेच्या किंवा मेंदूच्या तोलाचा प्रश्न. हे तीन धागे वेगळे करण्यासाठी पाच मिनिटं विचारपूस करावी लागते. ती झाली नाही की मानेचा एक्स-रे निघतो, त्यात मणक्यात गॅप दिसतो (सत्तरीत तो कुणाच्या मानेत दिसत नाही?), गळ्यात पट्टा येतो आणि चक्करची गोळी सुरू होते. सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन या चक्करच्या प्रसिद्ध गोळ्या. चार दिवस घेतल्या तर ठीक. म्हातारी माणसं त्या महिनोन्‌महिने घेतात, आणि त्यातून हातपाय ताठ होणं, कंप सुटणं, पावलं अडखळणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं उद्भवू शकतात. चक्करनं पडू नये म्हणून सुरू केलेली गोळीच मग पाडते.

हे वाचून कुणी बीपीची गोळी बंद केली तर या लेखानं भलं करण्याऐवजी वाईट केलं असं होईल. बेताल वाढलेलं बीपी धमन्या ताठर करतं आणि उभ्याची घसरणही वाढवतं. म्हातारपणीही बीपीवर उपचार करण्याचा फायदा होतो याचा भक्कम पुरावा आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायव्हेट’ या अभ्यासात ऐंशी आणि त्यापुढच्या वयाचे 3,845 लोक होते. ज्यांना खरी गोळी मिळाली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 21 टक्क्यांनी कमी निघालं. 2015 च्या अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ या अभ्यासात पन्नाशीपुढचे 9,361 लोक होते आणि त्यात बीपी आणखी खाली, 120 च्या आत ठेवण्याचा फायदा दिसला. डॉक्टरमंडळी हे दोन्ही अभ्यास वारंवार सांगतात आणि ते योग्यच आहे. पण या दोन्ही अभ्यासांनी लोकांना आत घेताना काय पाहिलं होतं? ‘हायव्हेट’मध्ये उभ्याचं वरचं बीपी किमान 140 असल्याशिवाय प्रवेश नव्हता. ‘स्प्रिंट’मध्ये उभं राहिल्यावर एका मिनिटानं ज्यांचं वरचं बीपी 110 च्या खाली आलं, त्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे ज्या पुराव्याच्या जोरावर आपण आजीला गोळी देतो, तो पुरावा ज्यांना उभं करून मोजलं अशा माणसांवर उभा आहे. मग आजीला बसवूनच का मोजायचं?

मोजायला अवघड काही नाही. आठशे-हजार-दोन हजारांचं दंडावर बांधायचं इलेक्ट्रॉनिक मशिन आता कितीतरी घरांत आहे. सकाळी नाश्त्याआधी पाच मिनिटं आडवं पडायचं आणि बीपी मोजायचं. पट्टा न सोडता, कुणाला तरी शेजारी उभं करून, उठायचं. एक मिनिटानं मोजायचं, तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मोजताना हात खाली लोंबकळू द्यायचा नाही. छातीच्या पातळीवर, कुणाच्या तरी हातावर किंवा कपाटाच्या फळीवर टेकवायचा, नाहीतर आकडा खोटा जास्त येतो. आडव्याला 150, उभ्याला 122 आलं तर ते कागदावर लिहायचं आणि नाडीचा आकडाही लिहायचा. बीपी खूप उतरूनही नाडी जेमतेम दोन-चार ठोक्यांनीच वाढली असेल तर दोष चेतातंतूंचा असण्याची शक्यता जास्त. नाडी चांगली वाढली असेल तर पाण्याची कमतरता, रक्त कमी असणं किंवा गोळी यांचा संशय आधी घ्यायचा. मात्र नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा ठोकताळा लागू पडत नाही. उभं राहवत नसेल तर निदान पाय सोडून बसवून मोजावं. दुसऱ्या दिवशी हेच जेवणानंतर तासाभरानं करून पाहावं. एकदा मोजून काही सापडलं नाही म्हणून प्रश्न मिटला असं होत नाही. हा आकडा दिवसागणिक बदलतो.

जेवणानंतर का, तर जेवल्यावर रक्त आतड्यांकडं वळतं. लुईस लिपसिट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी 1983 मध्ये वृद्धाश्रमातल्या माणसांमध्ये जेवणानंतर बीपी उतरतं हे दाखवून दिलं. आपल्या लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. मुहूर्त टळटळीत दुपारचा, मंडपात उकाडा, वडीलधारी माणसं सकाळपासून नीट पाणी न प्यायलेली, बीपीची गोळी मात्र वेळेवर घेतलेली. मग भाताची मूद, गोड, वर ताक. पंगत उठते तेव्हा सगळे एकदम उठतात आणि मागची पंगत जागेसाठी उभीच असते. त्या घाईत आजोबांचा झोक जातो. जेवण हलकं, थोडं थोडं, भात-साखर बेतानं, आणि जेवल्यावर अर्धा-पाऊण तास निवांत बसणं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

दिवाळी अंक हातात असताना कार्तिकी एकादशी जवळ आलेली असते. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच. आषाढी-कार्तिकीला दर्शनाची रांग तासन्‌तास चालते. वारीत रोज चालणारा म्हातारा माणूस ठणठणीत असतो, कारण चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. रांगेत तोच माणूस जागच्या जागी थिजून उभा राहतो, पोटात उपवासाचं तेवढं, लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी टाळलेलं. रांगेत उभं असताना टाचा उचलत राहावं, पाय एकमेकांत अडकवून मांड्या आवळाव्यात, मुठी घट्ट मिटाव्यात. या साध्या हालचालींनी बीपी खरोखर वर येतं. अंधारी आली तर लाज न बाळगता खाली बसावं. आजूबाजूच्यांनी त्या माणसाला धरून उभं ठेवण्याचा प्रयत्न करू नये. आडवं करून पाय उंच करावेत, कारण उभं धरल्यानं मेंदूला पुरेसं रक्त मिळत नाही.

आणि त्याहून जवळ नरकचतुर्दशी. पहाटे उठायचं, अंगाला तेल लावायचं, पाटावर बसून कडकडीत पाण्यानं अंघोळ करायची. गरम पाण्यानं त्वचेतल्या वाहिन्या फुलतात, फरशीवर तेल सांडलेलं असतं, चष्मा बाहेर राहिलेला असतो, आणि अंघोळ झाली की पाटावरून एकदम उठायचं असतं. यंदा आजी-आजोबांच्या अभ्यंगस्नानाला पाटाऐवजी खुर्ची किंवा उंच स्टूल ठेवा, पाणी कोमट घ्या, उठण्याआधी अर्धा तांब्या साधं पाणी पाजा आणि दाराची कडी आतून लावू देऊ नका.

पाणी हे इथं औषधासारखं काम करतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2000 च्या सुमारास दाखवलं, की ज्यांचे चेतातंतू निकामी झाले आहेत अशा रुग्णांनी अर्धा लिटर साधं पाणी भराभर प्यायलं तर काही मिनिटांतच बीपी वाढू लागतं आणि ते 30 अंकांहूनही वर जाऊ शकतं. म्हणून उशाशी तांब्या ठेवावा, जाग आल्यावर अंथरुणातच पाणी प्यावं, पाय हलवावेत, मग कडेला बसून एक-दोन मिनिटं थांबावं. पलंगाची उशाकडची बाजू चार-सहा इंच उंच केली तर रात्रीची लघवीही कमी होते. पोटाला बांधायचा पट्टा पायातल्या मोज्यांपेक्षा सोयीचा पडतो, सोलापूरच्या उकाड्यात तर नक्कीच. पुरुषांनी रात्री लघवी बसून करावी. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर पाणी आणि मीठ डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. बीपी लो झालं म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजायची पद्धत अशा माणसाला महागात पडू शकते. एवढ्यानं भागलं नाही तर बीपी वाढवणारी औषधंही आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

बीपी सावरलं तरी तोल वेगळा उरतो. माणूस डोळे, आतला कान आणि तळपायांतली जाणीव यांच्या जोरावर उभा असतो. मधुमेहानं तळपाय बधिर झाले, मोतीबिंदूनं नजर धूसर झाली, की एकट्या कानावर भार येतो. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटल्याबरोबर झोक जात असेल तर तळपायांची जाणीव कमी झाली असावी असं समजावं. अशा माणसाला रात्री दिवा लागतो, पट्ट्याची चप्पल लागते, उंबरठ्यावर आणि शौचालयात धरायला दांडी लागते. आणि पायांना काम लागतं: ओट्याला धरून टाचा उचलणं, आधार घेऊन एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. हे रोज, जन्मभर.

पडण्यानं काय होतं हे ज्या घरात खुब्याचं हाड मोडलं आहे त्या घराला विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात, आणि त्यांत सर्वांत जास्त प्रमाण साठीपुढच्यांचं. जी वाचतात त्यांच्यातली कितीतरी पुन्हा पडण्याच्या धास्तीनं चालणंच सोडतात. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती आणि राज्यातला दर दहावा माणूस साठीचा किंवा त्यापुढचा होता. आज तो वाटा वाढलेला आहे. शहरातल्या कापड गिरण्या बंद पडल्यावर घरी बसलेले कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. शहराजवळच्या कुंभारीला 2006 मध्ये उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत तेव्हा पन्नाशीत राहायला गेलेल्या विडी कामगार बाया आज सत्तरीत आहेत. त्यांच्या वस्त्यांत महापालिकेचे आणि जिल्हा परिषदेचे दवाखाने आहेत, आशाताई दारोदार जातात, बीपी मोजतात, कार्ड भरतात. ती मोजणी बसूनच होते.

त्या कार्डावर ‘उभं राहून’ असा एक रकाना वाढवायला नवा निधी लागत नाही, नवं यंत्र लागत नाही, फक्त माणशी चार-पाच मिनिटं जास्त लागतात. महापालिकेच्या आरोग्य विभागानं, वैद्यकीय महाविद्यालयानं आणि शिबिरं घेणाऱ्या मंडळांनी साठीपुढच्या प्रत्येकासाठी तो रकाना सुरू करावा. आणि वाचकहो, तोवर थांबू नका. दिवाळीला घरी आलेल्या लेकीसुनांनी, मुलांनी आई-वडिलांचं बीपी एकदा आडवं आणि एकदा उभं करून मोजावं, दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत आणि भाऊबीज झाली की तो कागद गोळ्यांच्या पिशवीसोबत डॉक्टरांपुढं ठेवावा.